क्लिपलेस पेडल: आधी पाय सोडवायला शिका

क्लिपलेस पेडलवर नवखा माणूस पडतो तो बहुतेक वेळा थांबताना. सोलापूरच्या सात रस्त्यासारख्या चौकात अचानक थांबावं लागतं, सवयीने पाय सरळ वर उचलला जातो आणि बूट पेडललाच अडकलेला असतो. क्लीट, म्हणजे बुटाच्या तळव्याला बोल्टने बसवलेला आणि पेडलमध्ये अडकणारा तुकडा, सरळ ओढून सुटत नाही, टाच बाहेर वळवली की सुटते. ही हालचाल आपोआप होईपर्यंत रहदारीत जाऊच नका.

(बूट अडकत असूनही नाव ‘क्लिपलेस’, कारण जुन्या पेडलवरची, पायाचा पुढचा भाग अडकवायची पट्ट्याची टो-क्लिप यात नसते.)

सुरुवातीला दोन बोल्टच्या क्लीटचं एसपीडी (शिमानो कंपनीच्या पद्धतीचं) पेडलच घ्या. त्याची धातूची क्लीट तळव्यात बसलेली असते, त्यामुळे चहाला उतरलात तरी नीट चालता येतं. तीन बोल्टची रोड क्लीट तळव्याबाहेर येते आणि गुळगुळीत फरशीवर घसरते. शिमानोची एसएच ५६ क्लीट मिळाली तर उत्तम. टाच तिरकी वर ओढूनही ती सुटते. एसएच ५१ ला टाच वळवावीच लागते.

पेडल बसवताना आट्यांना ग्रीस लावा. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. पाना वरच्या बाजूला धरून सायकलच्या तोंडाकडे फिरवला की दोन्ही पेडल घट्ट होतात.

क्लीट कुठे बसवायची? बूट घालून अंगठ्यामागचा फुगीर सांधा चाचपा, बुटावर खूण करा आणि क्लीटचा मध्य त्या खुणेखाली किंवा किंचित मागे ठेवा. बोल्ट ४ मिमी अ‍ॅलन कीने (षटकोनी चावीने) ५ ते ६ न्यूटन-मीटर जोराने आवळा. इथे हयगय नको. बोल्ट ढिला असला तर टाच वळवल्यावर बूट फिरतो, क्लीट मात्र पेडलमध्येच राहते. मग पाय सुटतच नाही. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर बोल्ट पुन्हा आवळा.

पेडलच्या प्रत्येक बाजूला, क्लीट पकडणाऱ्या स्प्रिंगच्या ताणाचा एक स्क्रू असतो, म्हणजे एकूण चार. ३ मिमी कीने चारही वजा खुणेकडे, सगळ्यात हलक्या ताणावर आणा. टक्-टक् आवाज मोजत फिरवलं की चारही सारखे होतात.

आता सराव. भिंतीला हात टेकून सीटवर बसा. चवडा पुढे सरकवून खाली दाबा, ‘खट्’ वाजलं की अडकला. टाच बाहेर, सुटला. एकेका पायाने तीस वेळा. मग पहाटे एखाद्या मोकळ्या मैदानात, हलक्या गिअरवर, फक्त उजवा पाय अडकवून फिरा. डावा मोकळाच असू द्या, कारण आपण रस्त्याच्या डाव्या कडेला थांबतो. हे जमलं की दोन्ही पाय. डावा लगेच अडकला नाही तर खाली पाहू नका, तसंच पेडल मारत राहा.

थांबण्याच्या पंधरा-वीस मीटर आधी, डावं पेडल खाली असताना टाच वळवून पाय सोडवा. ब्रेक त्यानंतर. थांबताना कंबर डावीकडे झुकवा. डावा मोकळा आणि तोल उजवीकडे गेला की आडवे झालातच! तशा वेळी हात जमिनीवर टेकू नका, हँडल धरूनच ठेवा, मनगट वाचतं.

पावसाळ्यात सोलापूरची काळी माती वेगळाच त्रास देते. दोन पावलं चाललात की क्लीटभोवती चिखलाचा गोळा बसतो आणि पेडल पकडतच नाही. वाळला तर दगडासारखा होतो. ओला असतानाच काडीने खरवडा, घरी पेडल धुऊन वाळवा आणि स्प्रिंगला तेलाचा एक थेंब द्या.