मालदीवला जाताना आधी सूर्यास्ताची वेळ बघा

पासपोर्ट, तिकिटं, गॉगल, पोहण्याचे कपडे. हे सांगायला माझी गरज नाही. मी लिहितेय ते वेगळ्याच कारणासाठी. मागच्या वेळी मालदीवमधल्या दोन रिसॉर्टांचा बेत मी स्वतः आखला, महिनाभर फोटो बघून व्हिला निवडला, आणि पहिली रात्र काढली विमानतळाजवळच्या हुलहुमालेतल्या एका साध्या हॉटेलात. व्हिलाचं त्या रात्रीचं भाडं मात्र भरलेलं होतं. ते परत मिळालं नाही.

विमानतळावरून दूरच्या बेटांवर नेणारं, पाण्यावर उतरणारं सीप्लेन फक्त उजेडात उडतं. एवढंच मला माहीत नव्हतं.

माहीत असायला हवं होतं, कारण त्यामागचं कारण अगदी साधं आहे. पाण्यावर धावपट्टीचे दिवे नसतात. उतरताना वैमानिकाला लाटा, होड्या, प्रवाळाच्या कडा डोळ्यांनी दिसाव्या लागतात. म्हणून माले विमानतळावर साधारण दुपारी साडेतीनच्या आत उतरलात तरच त्या दिवशीचं सीप्लेन मिळेल असं धरा. आमचं विमान पाचला दहा कमी असताना टेकलं. ‘अजून तासभर तरी ऊन आहे की,’ असं मी काउंटरवर म्हणूनसुद्धा पाहिलं. तिथल्या बाई हसल्या फक्त. आणि उन्हाळ्यात दिवस मोठा असेल या भरवशावर राहू नका. विषुववृत्त जवळच असल्यामुळे सूर्य तिथे बाराही महिने सहाच्या आसपास मावळतो.

तेव्हा क्रम असा: आधी रिसॉर्ट ठरवून मग विमान शोधायचं नाही. आधी विमानाची उतरायची वेळ, मग रिसॉर्ट. संध्याकाळचंच विमान मिळत असेल तर पहिला मुक्काम उत्तर माले अटोलमध्ये (अटोल म्हणजे प्रवाळबेटांचं कडं), जिथे स्पीडबोट जाते, असा ठेवा. स्पीडबोट रात्रीही येते. दूरचं, सीप्लेनचं बेट दुसऱ्या क्रमांकावर. बेटं तीच, पैसे तेवढेच, फक्त अदलाबदल. मी हे केलं असतं तर ही यादी लिहिलीच नसती.

परतीचंही तेच. सकाळचं पहिलं सीप्लेन उजाडल्यावरच निघणार, त्यामुळे मालेहून नऊच्या आधी सुटणारं विमान असेल तर शेवटची रात्र मालेजवळच काढावी लागेल. हे लोक विसरतातच.

एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचं तर नकाशावर बोट फिरवून अंतर मोजू नका. दोन रिसॉर्ट शेजारी दिसले तरी बहुतेक वेळा आधी मालेला परत यायचं आणि तिथून पुन्हा उडायचं, म्हणजे अर्धा दिवस गेला. थेट नेतात का आणि किती घेतात, ते दोन्ही रिसॉर्टांना लेखी विचारा. सीप्लेनची नक्की वेळ आदल्या संध्याकाळी कळवतात. त्या सकाळी मसाज, डायव्हिंग, काही ठरवू नका. शिवाय काही रिसॉर्ट आपलं घड्याळ मालेच्या एक तास पुढे ठेवतात, पाहुण्यांना संध्याकाळ मोठी मिळावी म्हणून. वेळ सांगितली की ‘कुठली?’ हे विचारायला लाजू नका.

सामान: माणशी २० किलो आणि हातात ५ किलो. खरंच वजन करतात, जास्तीचे किलोमागे पैसे घेतात. मऊ बॅगा न्या. दिवसभरात तीन वेळा कपडे बदलायची हौस मलाही होती. निम्मे कपडे घडी न मोडता परत आले.

पैशांत फसगत होते ती जाहिरातीतल्या दराने. दरापुढे अधिकची खूण दिसली की त्यावर १० टक्के सेवा शुल्क आणि १७ टक्के पर्यटन कर येणार, वर रिसॉर्टमध्ये माणशी दर रात्री १२ डॉलर हरित कर. आणि सीप्लेनचं भाडं वेगळं. दोघांचं जाणं-येणं हजार डॉलरच्या घरात सहज जातं. सगळं धरून एकच आकडा मागा.

व्हिसा उतरल्यावर मिळतो, ३० दिवसांचा, फुकट. पण प्रवासाच्या आधीच्या ९६ तासांत ‘इमुगा’ या सरकारी संकेतस्थळावर माहिती भरावी लागते, येतानाही आणि निघतानाही. तेही फुकट. पैसे मागणारं पान दिसलं तर ते खोटं आहे, बंद करा.

विमानतळावर घेतलेली दारूची बाटली आत नेता येत नाही. रिसॉर्टमध्ये मिळते, स्थानिक लोकांच्या बेटांवर नाही. तिथे बिकिनीही ठरलेल्या किनाऱ्यावरच.

कधी जायचं? कोरडं हवामान डिसेंबर ते एप्रिल. पण बा अटोलमधल्या हनिफारू खाडीत मँटा मासे बघायचे तर पावसाळ्यातच, मे ते नोव्हेंबर. तिथे डायव्हिंगला बंदी आहे, फक्त स्नॉर्केलिंग, म्हणजे तोंडात नळी धरून पाण्याच्या वरच्या थरात पोहणं.

डायव्हिंग करणार असाल तर शेवटच्या डाइव्हनंतर उडण्याआधी किमान १८ तास जाऊ द्या. सीप्लेनही विमानच आहे, बरं का.

बाकी उरलंसुरलं: बोट लागत असेल तर गोळी निघण्याच्या तासभर आधी, बोटीत बसल्यावर नाही. तीन चौकोनी पिनांचा अडॅप्टर. लांब बाह्यांचा पोहण्याचा शर्ट, नाहीतर स्नॉर्केलिंगमध्ये पाठ सोलते. प्रवाळाचा तुकडा उचलून आणू नका, जप्त होतो. ड्रोन घरीच.

आणि तिकीट काढायचं बटण दाबण्याआधी उतरायची वेळ परत एकदा बघा. साडेतीनच्या आत.