ऐरोलीतून अल्बियन: लॅग असा घालवला

अमेरिकेतल्या भाच्याने आग्रह करून 'अल्बियन ऑनलाइन' हा नेटवर खेळायचा गेम घ्यायला लावला आणि सर्व्हरही (गेम चालवणारा संगणक) स्वतःचाच, अमेरिकेचा, निवडून दिला. इकडे मी बटण दाबेपर्यंत गेममधला लांडगा चावून मोकळा! हा उशीर म्हणजेच लॅग. फायबर तर दणदणीत स्पीडचं.

पण इथे स्पीड नाही, अंतर नडतं. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापासून १२ हजार किलोमीटरच्या वर. जाऊन-येऊन १२० मिलिसेकंद नुसत्या प्रवासातच. सिंगापूर ४ हजारांच्या आसपास, आणि आशियाचा सर्व्हर तिथेच. तोच घेतला. अकाउंट तेच चालतं; पात्र मात्र नव्याने करावं लागतं, चांदी (गेममधले पैसे) नि सामान सोबत येत नाही. तेव्हा जमवाजमव वाढायच्या आतच बदला.

तरी मधूनच झटके येत होते. आमच्या टॉवरमध्ये २.४ गिगाहर्ट्झ या एकाच रेडिओ पट्ट्यात अख्ख्या मजल्याचे वाय-फाय कोंबलेले. राउटरपासून लॅपटॉपपर्यंत लॅन केबल ओढली, दारात पायात येते म्हणून बायको करवादली, तिथे पट्टी मारली. झटके बंद.

आता गेममध्ये मरतो ते लाल झोन नावाच्या भागातल्या इतर खेळाडूंच्या टोळ्यांमुळे. तिथे मेलं की अंगावरचं सगळं लुटतात. त्यावर केबलचा उपाय नाही.