पॅनक्रियाजच्या कॅन्सरमध्ये शुगर कशी सांभाळावी: घरच्यांसाठी मार्गदर्शन

पॅनक्रियाजचा, म्हणजे स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला आणि सोबत शुगरही वाढलीय असं कळलं, की बहुतेक घरांत त्याच संध्याकाळी भात बंद होतो. मग बटाटा, केळं, चहातली साखर. सगळं प्रेमापोटीच चाललेलं असतं, पण पेशंट आधीच वाळत चाललेला असतो आणि या पथ्यानं आणखी वाळतो. वजन फार उतरलं तर केमोचा डोस कमी करावा लागतो किंवा केमो पुढे ढकलावी लागते. म्हणून एक गोष्ट मनाशी पक्की करा: या आजारात वजन आणि ताकद आधी. शुगर उतरवायची ती औषधानं, उपाशी ठेवून नाही.

आधी ही शुगर कुठली ते समजून घ्या

स्वादुपिंड इन्सुलिन तयार करतं आणि अन्न पचवणारे पाचकरसही. गाठीमुळे किंवा ऑपरेशनमुळे दोन्ही कामं बिघडतात. या डायबिटीसला डॉक्टर टाइप ३सी म्हणतात. काही जणांना तर कॅन्सर कळायच्या आधी काही महिने अचानक शुगर निघालेली असते. शेजारच्या काकांची वर्षानुवर्षांची टाइप २ शुगर वेगळी, त्यांचा आहाराचा तक्ता इथे चालत नाही. यात शुगर वाढवणारं ग्लुकागॉन हे हार्मोनही कमी पडतं, त्यामुळे शुगर जशी चढते तशी झपकन खालीही येते. पूर्ण स्वादुपिंड काढलं असेल तर इन्सुलिन जन्मभर लागतं आणि शुगर उतरण्याचा धोका सर्वांत जास्त असतो.

शुगर कोण बघणार, हे पहिल्याच भेटीत विचारा

टाटासारख्या मोठ्या हॉस्पिटलात ओपीडीची गर्दी तुम्ही पाहिलीच असेल. कॅन्सरचे डॉक्टर गाठीकडे बघतात, शुगरचा विषय दोन वाक्यांत संपतो. म्हणून स्पष्ट विचारा, ‘शुगरची औषधं कोण बदलणार? रात्री फोन कोणाला करायचा?’ एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोन आणि डायबिटीसच्या तज्ज्ञांकडे, चिठ्ठी मिळाली तर उत्तम. घराजवळचे फॅमिली डॉक्टर बघणार असतील तरी चालेल, फक्त केमोची फाइल त्यांना दाखवा.

आकडे किती हवेत हेही त्याच भेटीत ठरवून घ्या. बरेच डॉक्टर ११० ते १८०च्या आसपास समाधानी असतात. आजार पुढे गेला असेल, फक्त त्रास कमी करणं एवढाच हेतू असेल, तर त्याहून वरचे आकडेही चालवून घेतात, आणि ते योग्यच आहे. तीन महिन्यांच्या शुगरवर, म्हणजे एचबीए१सीवर फार विसंबू नका. रक्त कमी असेल किंवा रक्त चढवलं असेल तर तो आकडा फसवतो.

जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवू नका

आधीपासून डायबिटीस असेल तर गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांसमोर ठेवा. मेटफॉर्मिननं मळमळ आणि जुलाब वाढू शकतात. उलट्या होत असतील, किडनीवर ताण असेल किंवा डाय घालून सीटी स्कॅन करायचा असेल, तर ती थांबवायची का ते विचारा. ग्लिमेपिराइड घेतली आणि जेवण गेलं नाही, तर शुगर धाडकन उतरते. डापाग्लिफ्लोझिनच्या जातीच्या गोळ्यांनी वजन आणि पाणी दोन्ही कमी होतं, शिवाय रक्तात आम्ल वाढण्याचा धोका असतो. ऑपरेशनच्या निदान ३ दिवस आधी त्या बंद कराव्या लागतात. सेमाग्लुटाइडसारखी भूक मारणारी औषधं या पेशंटला सहसा देत नाहीत. बहुतेकांना शेवटी इन्सुलिनच लागतं. ‘इन्सुलिनवर गेलं म्हणजे संपलं’ असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. ज्या अवयवात ते तयार होतं तोच आजारी आहे, मग बाहेरून देणं हा सरळ उपाय आहे.

पचनाच्या कॅप्सूलशिवाय शुगरचं गणित जुळत नाही

हा भाग सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतो. शौच फिकट, तेलकट, उग्र वासाचं होत असेल, फ्लश करूनही तरंगत राहत असेल, तर अन्न पचत नाहीय. क्रिऑनसारख्या पॅनक्रियाटिनच्या, म्हणजे बाहेरून द्यायच्या पाचकरसांच्या, कॅप्सूल विचारून घ्या. डोस डॉक्टर ठरवतात. मोठ्या जेवणाला साधारण २५,००० ते ५०,००० युनिट आणि मधल्या खाण्याला त्याहून कमी असा अंदाज असतो.

कॅप्सूल पहिल्या घासाबरोबर घ्यायची. एकाहून जास्त असतील तर काही सुरुवातीला, काही जेवणाच्या मध्यात. जेवणानंतर अर्ध्या तासानं घेतलेली बरीचशी वाया जाते. चावायची नाही, गरम चहाबरोबर गिळायची नाही. दुधाचा ग्लास किंवा प्रोटीन पावडर घेतानाही ती लागते, हे अनेकांना कोणी सांगितलेलंच नसतं.

कॅप्सूल सुरू झाली की अन्न अंगी लागायला लागतं आणि शुगर वाढते. घाबरून कॅप्सूल बंद करू नका, इन्सुलिन वाढवून घ्या. आणखी एक गोष्ट, या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. घरात ते चालणार नसेल तर गुपचूप बंद करण्यापेक्षा डॉक्टरांशी मोकळेपणानं बोला.

खायला काय द्यायचं

तीन मोठ्या जेवणांऐवजी दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं. मऊ मुगाची खिचडी आणि वर तूप, दही-भात, वरण, अंड्याची भुर्जी, उकडलेलं किंवा परतलेलं पापलेट, पनीर, दाण्याचं कूट घातलेली कोशिंबीर. भात, पोळी, इडली बंद नाही. मात्र प्रत्येक खाण्यात प्रथिनांचं काहीतरी हवंच. तूप-तेल तोडू नका, त्यासाठीच तर कॅप्सूल आहे. कमी करायचं ते नुसतं गोड पाणी, म्हणजे सरबत, कोल्ड्रिंक, फळांचा रस. पण पेशंट दोन दिवस काहीच खात नसेल आणि त्याला फक्त खीर जात असेल, तर खीर द्या आणि इन्सुलिनचं डॉक्टरांना विचारा.

साखर बंद केली की कॅन्सर उपाशी मरतो, हे खरं नाही. कारल्याचा रस, जांभळाच्या बियांची पूड, मेथीचं पाणी आणून देणारे पाहुणे मायेनंच आणतात. तेवढं बाजूला ठेवा. संकष्टी-एकादशीचा उपवासही या काळात नको.

केमोच्या दिवसांत दुपारी आणि संध्याकाळी तपासा

उलटी होऊ नये म्हणून केमोबरोबर डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड देतात. सकाळी दिलं की शुगर दुपारनंतर चढते, रात्री उशिरापर्यंत वर राहते आणि पहाटे बरीच खाली आलेली असते. फक्त उपाशीपोटीची शुगर बघणाऱ्या घरात ‘सगळं नॉर्मल’ दिसतं आणि पेशंट दुपारभर तहानेनं कासावीस असतो. म्हणून केमोच्या दिवशी आणि पुढचे दोन-तीन दिवस उपाशीपोटी, जेवणांआधी आणि रात्री झोपताना तपासा. स्टेरॉइड थांबलं की वाढवलेलं इन्सुलिनही उतरवावं लागतं. ते कसं, हे आधीच लिहून घ्या.

एक साधी वही करा. तारीख, वेळ, शुगर, किती युनिट, काय खाल्लं, कॅप्सूल घेतली का, केमो किंवा स्टेरॉइडचा दिवस होता का. ‘मंगळवार, दुपारी ४, २८६, केमोचा दुसरा दिवस, अर्धी वाटी खिचडी’ अशी एक ओळ डॉक्टरांना दहा मिनिटांच्या बोलण्यापेक्षा जास्त सांगते. बोट टोचण्याआधी हात साबणानं धुवून कोरडे करा, आंबा खाल्लेल्या बोटाला आकडा खोटाच येतो. पावसाळ्यात स्ट्रिपच्या डबीचं झाकण लगेच लावा, मुंबईच्या दमट हवेत उघड्या राहिलेल्या स्ट्रिप खराब होतात.

इन्सुलिन: बाटली आणि सिरिंज जुळवून बघा

आपल्याकडे इन्सुलिन ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन ताकदींत मिळतं. ४०ची सिरिंज लाल टोपीची, १००ची नारिंगी टोपीची. १००चं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये भरलं तर डोस अडीचपट जातो. दर वेळी बाटलीवरचा आकडा मोठ्यानं वाचा. शक्य असेल तर पेन घ्या.

न उघडलेलं इन्सुलिन फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये किंवा त्याला टेकून नाही. वापरातलं बाहेर, ऊन न लागता, साधारण ४ आठवडे चालतं. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा नातेवाइकांकडे उतरलेल्यांजवळ फ्रिज नसेल, तर पाणी न शिरणाऱ्या डबीत घालून ओल्या माठात ठेवता येतं. केमोमध्ये ऑक्सालिप्लॅटिन असेल तर थंड वस्तूला हात लागताच बोटांना झिणझिण्या येतात. अशा पेशंटला स्वतः फ्रिज उघडायला लावू नका. इन्सुलिन दुसऱ्यानं काढून थोडा वेळ बाहेर ठेवावं.

जेवण जाईल की नाही याचा भरवसा नसेल, तर जेवणाचं इन्सुलिन जेवून झाल्याबरोबर दिलं तर चालेल का, असं डॉक्टरांना विचारा. जलद काम करणाऱ्या प्रकारांत अनेकदा ते तशी मुभा देतात. मात्र दिवसभर टिकणारं बेसल इन्सुलिन, पेशंट जेवला नाही तरी, स्वतःच्या मनानं बंद करू नका.

शुगर उतरली तर

घाम, थरथर, धडधड, चिडचिड, असंबद्ध बोलणं. आकडा ७०च्या खाली असेल तर ३ छोटे चमचे साखर पाण्यात विरघळवून लगेच द्या. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धामुळे साखर उशिरा लागते. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून कमी असेल तर पुन्हा द्या. आकडा सावरला की बिस्किटं किंवा पोळी द्या. पेशंट बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा.

हॉस्पिटलच्या दिवशी पिशवीत ग्लुकोमीटर, साखरेच्या पुड्या, कॅप्सूल आणि डबा हवाच. नंबर कधी लागेल सांगता येत नाही. लोकलनं जाणार असाल तर दिव्यांग डब्यात कॅन्सरच्या पेशंटला बसता येतं, हॉस्पिटलचा कागद जवळ ठेवा.

कधी थांबायचं नाही

शुगर लागोपाठ दोनदा ३००च्या वर, सोबत उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास किंवा गुंगी. मीटरवर ‘एचआय’ (HI) अशी अक्षरं, म्हणजे मीटरला मोजता येत नाही इतकी जास्त शुगर. पाणीही पोटात न राहणं. केमो चालू असताना १००.४च्या वर ताप. यातलं काहीही झालं तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका, तसंच इमर्जन्सीत जा. निघताना वही, औषधांची यादी आणि शेवटच्या इन्सुलिनची वेळ सोबत न्या. कॅज्युअल्टीतले डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.