शेतीचा गेम मुलांना द्यावा का, हे पारखावे कसे

शेतीचा गेम म्हटले की पालक निर्धास्त होतात. बंदुका नाहीत, पाठलाग नाही, आहेत त्या कोंबड्या आणि भाजीचे वाफे, मग बिघडणार काय, असा त्यामागचा विचार असतो. परंतु या एका नावाखाली अगदी भिन्न स्वभावाचे गेम येतात आणि त्यांतला कोणता मुलाच्या हाती द्यावा, हे तो मुलाचा वेळ आणि घरातला पैसा कसा मागतो यावरून ठरवणे अधिक शहाणपणाचे आहे.

आधी वयाचे मानांकन पाहावे. अमेरिकेत ते ईएसआरबी देते, युरोपात पेगी. मात्र आकडा वाचून न थांबता त्याखालची बारीक अक्षरेही वाचावीत. ‘स्टारड्यू व्हॅली’ या २०१६ साली आलेल्या लोकप्रिय गेमला ईएसआरबीने दहा वर्षे व त्यापुढील वयोगट दिला आहे आणि कारणांमध्ये काल्पनिक हिंसा, जुगाराचे अनुकरण आणि दारू-तंबाखूचा उल्लेख केला आहे. शेतीच्या गेममध्ये हे आले कुठून, असे वाटेल. पण या गावात खाणीतल्या राक्षसांशी तलवारीने लढावे लागते, संध्याकाळी मंडळी दारूच्या गुत्त्यात जमतात, वाळवंटात एक कसिनो आहे आणि फळांपासून वाइन करून विकली तर चार पैसे जास्त मिळतात. शेन नावाचे एक पात्र तर दारूच्या आहारी गेलेले आहे आणि त्याच्याशी मैत्री वाढत गेल्यावर एका प्रसंगात ते कड्याच्या टोकाशी पडून जगण्यात अर्थ उरला नसल्याचे बोलते. हा प्रसंग सहानुभूतीने लिहिलेला आहे, त्यामुळे बारा-तेरा वर्षांच्या मुलाला तो चालेल असे माझे मत आहे; आठ वर्षांच्या मुलाने मात्र तो एकट्याने वाचू नये.

यानंतर गेम स्वतः तासभर खेळावा आणि त्यातल्या घड्याळावर नजर ठेवावी. सगळी मेख तिथेच आहे. ‘हे डे’ या फोनवरच्या शेतीच्या गेममध्ये गहू खऱ्या दोन मिनिटांत तयार होतो, पण पुढची पिके आणि कामे तासन्‌तास चालतात, वाट पाहायची नसेल तर हिरे खर्च करायचे आणि हिरे खऱ्या पैशांनी विकत मिळतात. २००९ साली आलेल्या ‘फार्मव्हिल’मध्ये वेळेवर परतले नाही तर पीक सुकून जात असे. तो मूळ गेम २०२०च्या अखेरीस बंद झाला, पण खेळाडूला ठरावीक वेळी परत बोलावण्याची ती रीत टिकून आहे. पारख सोपी आहे: गेम बंद करावा, नोटिफिकेशन चालू ठेवाव्यात आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत त्याने किती वेळा हाक मारली ते मोजावे. मोठ्या माणसाचाही हात नकळत फोनकडे जात असेल, तर तो गेम लहान मुलासाठी नाही.

‘स्टारड्यू व्हॅली’चे घड्याळ निराळे आहे. त्यातला एक दिवस सुमारे चौदा मिनिटांत संपतो आणि संगणकावर किंवा कन्सोलवर खेळताना पात्र झोपायला गेले तरच खेळ सेव्ह होतो. दुपारीच ‘आता बंद कर’ म्हटले की मुलाची सकाळपासूनची नांगरट, पाणी देणे, मासेमारी सगळे वाया जाते. यावरून घरात होणाऱ्या भांडणात मला मुलाचीच बाजू पटते. म्हणून मर्यादा घालायची तर ती त्यातल्या दिवसांत घालावी. दोन दिवस म्हणजे साधारण अर्धा तास.

मुलाला ‘स्टारड्यू व्हॅली’तले गणित झेपते का, हेही पाहावे. पार्सनिप या गाजरासारख्या कंदाचे बी वीस नाण्यांना मिळते, चार दिवसांत कंद तयार होतो आणि पस्तीस नाण्यांना विकला जातो. फ्लॉवरला मात्र बारा दिवस लागतात आणि ऋतू अठ्ठावीस दिवसांचाच असतो. विसाव्या दिवशी लावलेला फ्लॉवर ऋतू पालटताच मरतो. असे एकदा नुकसान झाले की मूल पुढच्या वेळी लावण्याआधी दिवस मोजू लागते. ज्याला अजून सराईतपणे वाचता येत नाही, त्याचा मात्र यात हिरमोड होईल. तशा मुलाला ‘फार्मिंग सिम्युलेटर’ जास्त रुचेल. कर्ज आणि बाजारभाव समजले नाहीत तरी ट्रॅक्टरला नांगर जोडून शेतभर फिरण्यात त्याचा वेळ मजेत जातो.

फोन हाती देण्यापूर्वी खरेदीला पासवर्ड लावावा आणि बँकेचे कार्ड त्यात साठवलेले नाही याची खात्री करावी. गेममध्ये अनोळखी लोकांशी चॅट होत असेल, तर ते सेटिंगमधून बंद करता येते का, ते पाहावे. तशी सोय नसेल तर दुसरा गेम शोधावा. सगळे ठीक वाटले तरी पहिले दोन आठवडे शेजारी बसून खेळ पाहावा. मूल पिके दाखवून ‘मी हे का लावले’ ते सांगत असेल तर गेम राहू द्यावा. रात्री उठून पीक तयार झाले का ते पाहत असेल, तर त्याच दिवशी काढून टाकावा.