ई-कॉमर्सचा प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा, आधी टेबल उघडून बघा

शेवटच्या वर्षाचे ई-कॉमर्स प्रोजेक्ट लॅबमध्ये येऊ लागले की विषय बघून बरं वाटतं. वरुड-मोर्शीकडच्या मुलांचं संत्र्याचं दुकान, वर्ध्याकडून वायगावची हळद, कोणाची भिवापूरची मिरची, कोणाचा मेळघाटातला मध. चुका मात्र दरवर्षी त्याच असतात आणि बहुतेकांचं मूळ एकच. ब्राउझरमध्ये पान दिसलं, हिरव्या अक्षरात ‘ऑर्डर यशस्वी’ आलं, की मुलं पुढच्या पानाकडे पळतात. डेटाबेसच्या टेबलमध्ये काय जाऊन बसलं ते कोणी बघत नाही.

मोबाइल नंबरला ‘इंट’

ही चूक सगळ्यात जास्त दिसते. संत्र्याच्या एका प्रोजेक्टचं उदाहरण घ्या. पानं देखणी, कार्ट चालू. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, एक्सटर्नलनी (बाहेरून आलेल्या परीक्षकांनी) दोन वेगवेगळे मोबाइल नंबर टाकून दोन ऑर्डर दिल्या. ॲडमिनच्या यादीत दोन्हींपुढे एकच नंबर होता, २१४७४८३६४७. यादी खाली सरकवली तर आधीच्या सगळ्या ग्राहकांपुढेही तोच. मुलगा सांगत होता, “सर, फॉर्ममध्ये बरोबर टाकला होता.” फॉर्ममध्ये बरोबरच होता.

‘इंट’ म्हणजे पूर्णांकाचा कॉलम. त्यात मावणारा सगळ्यात मोठा आकडा २१४७४८३६४७ आहे. आपले मोबाइल नंबर दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारे, म्हणजे सगळेच त्याहून मोठे. चुकीचा डेटा नाकारणारा स्ट्रिक्ट मोड बंद असला की मायएसक्यूएल, म्हणजे आपला डेटाबेस, अशा वेळी थांबत नाही. मावेल तेवढा आकडा ठेवतं, एक वॉर्निंग देतं, आणि ती वॉर्निंग पीएचपी भाषेत लिहिलेल्या आपल्या पानावर दिसत नाही. नंतर कॉलम बदलला तरी गेलेले नंबर परत येत नाहीत.

मोबाइलला व्हारचार(१५) द्या, पिनकोडला चार(६), म्हणजे CHAR. हे दोन्ही अक्षरांचे कॉलम. ज्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करायची नाही, ते अक्षरं म्हणूनच साठवा. काही जण ‘बिगइंट’ करून मोकळे होतात. त्यात नंबर मावतो, पण पुढचं शून्य किंवा अधिकचं चिन्ह उडतं, म्हणून तो उपाय नको. शिवाय झॅम्पच्या (पीसीवर पीएचपी आणि मायएसक्यूएल चालवणारं पॅकेज) माय डॉट आयएनआय फाईलमध्ये ‘एसक्यूएल मोड’ची ओळ शोधा, तिच्यात ‘स्ट्रिक्ट ट्रान्स टेबल्स’ जोडा आणि मायएसक्यूएल बंद करून चालू करा. मग चुकीचा डेटा गुपचूप आत जात नाही, त्याच क्षणी एरर येते. एररला घाबरू नका. ती व्हायवाला येण्यापेक्षा आज आलेली बरी.

याच जातीची दुसरी चूक पासवर्डची. ‘पासवर्ड हॅश’ फंक्शनमधून सध्या ६० अक्षरांचा हॅश, म्हणजे पासवर्डचं उलट न फिरणारं रूप, निघतो आणि कॉलम असतो व्हारचार(२०). उरलेली अक्षरं कापली जातात. रजिस्ट्रेशन होतं, लॉगिन कधीच होत नाही, आणि मुलं दोन दिवस लॉगिनच्या कोडमध्ये चूक शोधत बसतात. सरळ व्हारचार(२५५) ठेवा. एमडी५ ही जुनी हॅशची पद्धत वापरू नका. किमतीला डेसिमल(१०,२), फ्लोट नाही. फ्लोटमध्ये पैशांचा हिशोब कुठेतरी एखाद्या पैशाने हलतोच.

लाईन गेली आणि मायएसक्यूएल उठेना

आपल्याकडे लाईन गेल्यानंतरची चूक टाळली नाही तर प्रोजेक्ट जातो. लॅबच्या यूपीएसची बॅटरी बसलेली असते, लाईन जाते, पीसी धाडकन बंद होतो. परत चालू केल्यावर झॅम्पमध्ये लाल ओळ येते, ‘मायएसक्यूएल शटडाउन अनएक्सपेक्टेडली’. इनोडीबी (टेबल सांभाळणारं मायएसक्यूएलचं इंजिन) बहुतेक वेळा स्वतःला सावरतं, पण सिस्टीमचे टेबल किंवा लॉग लिहिताना अर्धवट राहिले तर सर्व्हर उठत नाही.

मग मुलं एखादा व्हिडिओ लावतात. त्यात सांगितलेलं असतं की ‘डेटा’ फोल्डर उडवा आणि ‘बॅकअप’ फोल्डरला ‘डेटा’ नाव द्या. तसं केलं की सर्व्हर चालू होतो आणि प्रोजेक्ट गायब होतो. ‘बॅकअप’ म्हणजे तुमच्या डेटाची प्रत नव्हे. झॅम्प बसवताना आलेल्या त्या कोऱ्या फाईल्स आहेत.

आधी स्टार्टचं बटण परत परत दाबणं थांबवा. झॅम्पच्या मायएसक्यूएल फोल्डरमधला अख्खा ‘डेटा’ फोल्डर कॉपी करून दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवा. मग लॉग्ज बटणातून एरर लॉग उघडा आणि शेवटच्या वीस ओळी वाचा. पोर्ट ३३०६ (मायएसक्यूएलची ये-जा होते ते दार) अडलंय असं दिसलं तर बहुधा दुसरा मायएसक्यूएल चालू आहे. तो बंद करा, बाकी कशाला हात लावू नका.

पोर्टची भानगड नसेल तर ‘डेटा’चं नाव ‘डेटा-जुना’ करा. ‘बॅकअप’ची कॉपी काढून तिला ‘डेटा’ नाव द्या, मूळ ‘बॅकअप’ तसाच राहू द्या. जुन्यातून फक्त तुमच्या डेटाबेसचा फोल्डर आणि ‘आयबीडेटा१’ ही फाईल आणा. मायएसक्यूएल, परफॉर्मन्स स्कीमा आणि पीएचपीमायॲडमिन हे तीन फोल्डर आणू नका. ‘आयबीडेटा१’ विसरलात तर टेबलांची नावं दिसतील, पण क्लिक केल्यावर एरर १९३२ येईल, कारण टेबलांची अंतर्गत नोंद त्या फाईलमध्ये असते. एवढ्याने बहुतेक वेळा डेटा परत दिसतो. दिसला की लगेच एक्सपोर्ट करा.

खरा उपाय रोजचा आहे. लॅबमधून उठण्याआधी पीएचपीमायॲडमिनमध्ये (ब्राउझरमधून डेटाबेस हाताळायचं पान) एक्सपोर्ट, क्विक, एसक्यूएल, फाईलच्या नावात तारीख, आणि ती फाईल पेनड्राइव्हवर. मग झॅम्पमध्ये स्टॉप दाबून पीसी बंद. याला वेळ नाही म्हणणाऱ्या मुलांकडे प्रोजेक्ट दुसऱ्यांदा टाइप करायला मात्र वेळ काढावाच लागतो.

‘संत्रा’च्या जागी ????

टेबल लॅटिन१ या, देवनागरी नसलेल्या कॅरसेटमध्ये (अक्षरसंचात) असलं की देवनागरी अक्षर आत जातानाच प्रश्नचिन्ह होतं आणि मूळ अक्षर कायमचं जातं. डेटाबेस बनवतानाच यूटीएफ८एमबी४ हा देवनागरी मावणारा कॅरसेट निवडा, कनेक्शन उघडताना कॅरसेट म्हणून तेच सांगा, आणि पानाच्या मेटा टॅगमध्ये यूटीएफ-८ लिहा. तिन्ही ठिकाणी हवं. प्रश्नचिन्हांऐवजी ‘à¤’सारखी अगम्य अक्षरं दिसत असतील तर धीर धरा, डेटा बहुधा शाबूत असतो आणि कनेक्शनचा कॅरसेट चुकलेला असतो.

किंमत फॉर्ममधून घेणं

लपवलेल्या इनपुटमध्ये किंमत ठेवली तर ग्राहक ब्राउझरच्या इन्स्पेक्टमधून १२०० चे १२ करू शकतो. फॉर्ममधून फक्त वस्तूचा आयडी आणि नग घ्या, किंमत सर्व्हरवर टेबलमधून काढा. ऑर्डर झाली की त्या दिवशीचा भाव ऑर्डरच्या ओळीत लिहून ठेवा, नाहीतर उद्या संत्र्याचा भाव बदलला की मागची सगळी बिलं बदलतात. वस्तूंचे आयडी स्वल्पविराम देऊन एकाच कॉलममध्ये कोंबू नका. ऑर्डरचं एक टेबल आणि ऑर्डरमधल्या वस्तूंचं दुसरं, असं ठेवा. रेझरपे ही ऑनलाइन पैसे घ्यायची सेवा टेस्ट मोडमध्ये जोडत असाल तर रक्कम पैशांत द्यायची असते, ५०० रुपयांसाठी ५००००.

बाकीच्या चुका थोडक्यात. ‘मायएसक्यूएल कनेक्ट’ सापडत नाही अशी एरर आली तर कोड जुना आहे. ती फंक्शन्स पीएचपी ७ मध्ये काढून टाकली, पीडीओ ही डेटाबेसशी जोडायची नवी पद्धत शिका. क्वेरीत ग्राहकाने टाइप केलेला मजकूर थेट जोडू नका, क्वेरी आणि मजकूर वेगळे पाठवणारं प्रिपेअर्ड स्टेटमेंट वापरा. विंडोजवर चालणारं ‘Santra’सारखं फाईलनाव लिनक्स होस्टिंगवर लहान-मोठ्या लिपीच्या फरकाने अडतं, म्हणून सगळी नावं लहान अक्षरांत ठेवा. बूटस्ट्रॅप (पानाला रूप देणाऱ्या तयार फाईल्स) डाउनलोड करून फोल्डरमध्येच ठेवा. कॉलेजचं नेट व्हायवाच्या दिवशी नेमकं जातं आणि पान उघडंबोडकं दिसतं.

पत्त्याचा फॉर्म परदेशी टेम्प्लेटमधून उचलू नका. घाटंजी किंवा धारणी तालुक्यातला माणूस ‘स्ट्रीट’ आणि ‘अपार्टमेंट’मध्ये काय भरणार? मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिनकोड आणि जवळची खूण अशा रकान्यांचा फॉर्म करा. पिनकोडवरून गाव आपोआप भरू नका, एका पिनकोडात अनेक गावं असतात. गाव ग्राहकालाच लिहू द्या.