नाशिकमधील सर्वसाधारण चिकित्सकांनी नेत्रविषयक ज्ञान अद्ययावत कसे ठेवावे

महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या नोंदणी नूतनीकरणासाठी ५ वर्षांत ३० क्रेडिट पॉइंट (निरंतर वैद्यकीय शिक्षणाच्या सत्रांना हजर राहून मिळणारे गुण) लागतात. त्यांतील काही नेत्रविषयक सत्रांतून मिळवावेत व सत्राला परिषदेची मान्यता आहे का, हे आधी तपासावे. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत डोळ्याला पान किंवा काडी लागलेला मजूर अनेकदा प्रथम आपल्याकडेच येतो, म्हणून फ्लुरोसिन या रंगद्रव्याच्या पट्टीने कॉर्निया (डोळ्याच्या पुढचा पारदर्शक पडदा) रंगवून निळ्या प्रकाशात व्रण ओळखण्याचा सराव नेत्रतज्ज्ञाच्या बाह्यरुग्ण विभागात बसूनच करावा. तो केवळ व्याख्याने ऐकून येत नाही. अशा व्रणावर स्टिरॉइडचे थेंब मुळीच लिहू नयेत, कारण बुरशीचा संसर्ग असल्यास डोळाही जाऊ शकतो. ऑफ्थॅल्मोस्कोप (डोळ्याचा आतला भाग पाहण्याचे उपकरण) मात्र स्वतःचा घ्यावा आणि मधुमेही रुग्णांचे दृष्टिपटल नियमित पाहून हात बसवावा. तरीही त्यांना दरवर्षी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावेच.