जुन्या सर्फबोर्डाचा सडलेला फोम आणि फिनची जागा: या चुका टाळा

बडोद्याला समुद्र नाही, त्यामुळे गोव्याहून आणलेला जुना बोर्ड दुरुस्त करायचा तर फायबरवाल्याकडेच जावं लागतं, मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) विचारलंत तर रेझिन (घट्ट होणारा चिकट द्रव), काचेच्या धाग्यांचं विणलेलं कापड, मॅट (त्याच धाग्यांची न विणलेली चटई) मिळून जातं. फक्त दुकानदार टाकी नाहीतर पत्र्याचा हिशोब धरून माल देतो, आत फोम आहे हे आपणच सांगायचं.

म्हणून आधी फोम ओळखा. साबुदाण्यासारखे दाणे दिसले तर ईपीएस, म्हणजे थर्माकोलचीच जात, त्याला पॉलिस्टर रेझिन लावलं की त्यातलं स्टायरिन हे द्रावक फोम खाऊन टाकतं, तिथे इपॉक्सी जातीचं रेझिनच हवं. दाणे नसलेला, बारीक पोताचा असेल तर पीयू (पॉलियुरेथेन), त्याला दोन्ही चालतात. शंका असेल तर उकरलेल्या तुकड्यावर पॉलिस्टर रेझिनचा थेंब टाकून बघा, बोर्डावर नको.

सगळ्यात जास्त बोर्ड वाया जातात ते घाईने. वरून फट दिसते बोटभर पण फिनच्या (बोर्डाच्या शेपटीखाली असलेल्या कल्ल्याच्या) बुडाशी पाणी महिनोन्महिने मुरलेलं असतं, फोम तपकिरी झालेला, दाबला की भुगा. वरवर खरवडून पुट्टी भरली तर ओल आत कोंडते आणि ओल्या फोमला रेझिन धरतच नाही. कडक कोरडा फोम लागेपर्यंत कापत जा, खड्डा मोठा झाला तरी होऊ दे. मग भोक खाली करून सावलीत पंख्यासमोर ठेवा आणि अधूनमधून वजन करा, वजन उतरायचं थांबलं की सुकलं. मे महिन्यात गच्चीवर उन्हात टाकावासा वाटतो, पण आतली हवा आणि वाफ फुगून वरचं चांगलं फायबरचं कवचही फोमपासून सुटतं. पावसाळ्यात हे काम काढूच नका.

खड्डा नुसत्या रेझिनने भरू नका, जाड थर तापून तडकतो आणि शेपटी जड होते. त्याच जातीच्या फोमचा तुकडा कापून बसवा, फटींत रेझिनमध्ये मायक्रोबलून (पोकळ, हलक्या बारीक गोळ्यांची पूड) कालवून भरा.

फिनभोवती मात्र हे हलकं मिश्रण पुरत नाही, वळताना सगळा जोर तिथेच येतो. तिथे रेझिनमध्ये फायबरचे बारीक कातरलेले धागे मिसळा आणि वरून कापडाचे निदान दोन थर द्या, जुनं फायबर ८० नंबरच्या सँडपेपरने घासून ३-४ सेंमी पुढपर्यंत. मॅट स्वस्त पडते, पण तिचा बाइंडर (धागे धरून ठेवणारा डिंक) सहसा स्टायरिनमध्ये विरघळणारा असतो, इपॉक्सीत ती नीट भिजत नाही, तेव्हा इपॉक्सीबरोबर विणलेलं कापडच घ्या. आणि तीन फिनचा बोर्ड असेल तर बाजूच्या फिन किंचित बाहेर कललेल्या आणि पुढून आत वळलेल्या असतात, म्हणून जुनं काढायच्या आधी चांगल्या बाजूवरून पुठ्ठ्याचा साचा कापून ठेवा, नुसत्या अंदाजाने बसवलेली फिन बोर्ड एका बाजूला ओढते.

पॉलिस्टरबरोबर कधीकधी दोन बाटल्या देतात, जांभळट कोबाल्ट (रेझिन आवळण्याचा वेग वाढवणारा) आणि पाण्यासारखा हार्डनर (रेझिन घट्ट करणारा). हे दोन थेट एकमेकांत कधीच, कधीच मिसळू नका, भडका उडतो, स्फोटही होतो. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये नीट ढवळा, मग १ ते २ टक्के हार्डनर. हार्डनर डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते, चष्मा हवाच, आणि घासताना चांगला मास्क.

रेझिनचा हात ऊन उतरल्यावर मारा, सकाळी मारलं तर तापत जाणारा फोम हवा बाहेर सोडतो आणि कापडाखाली बुडबुडे येतात.